पुन्हा पहिल्यापासून

सोमवार, ३ फेब्रुवारी

सापडला! माळ्यावर, मोडक्या टेबलफॅनच्या मागे. आमचा जुना व्हिडिओ गेम — दोन रिमोट, एक कॅसेट, अडॅप्टर, सगळं शाबूत. दादाचा व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, चेंडू दाबून दाबून ते कंटाळलेत, त्यांना आवडेल असं काहीतरी द्या. तेव्हाच डोक्यात आलं. लहानपणी या खेळात दादाला कुणी हरवलं नाही. मी तर कधीच नाही.

झटका आल्यापासून तो आणि वहिनी माझ्याकडेच आहेत. उजवी बाजू लुळी. बोलण्यात उरलंय ते ‘हं’ आणि ‘नको’. शाळेची बस चालवायचा तेव्हा अख्ख्या बसचा गोंगाट एका हाकेत गप्प करायचा.

टीव्हीला जोडला. सुरू! दादाने डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि स्वतःच रिमोटवर नेऊन ठेवला. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, तुमच्या हातात जादू आहे. मी म्हटलं, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला हे काय अवघड! दिवसभर कॉलर ताठ.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मधेच बंद पडतो. आपोआप. पडदा काळा, मग थेट पहिलं चित्र. दादाचे सगळे गुण गेले.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

कॅसेट काढून फुंकर मारली. आतल्या पट्ट्या खोडरबरने घासल्या, स्पिरिटने पुसल्या. कामावर जाण्याआधी दादाला बसवला, मीही शेजारी बसलो. मस्त चालला. दादा एका बोटाने उडीचं बटण दाबतो — बोट वाकडं पडतं, घसरतं, पण दाबतो. खेळातल्या पुलापर्यंत आला. आणि गेला. काळा पडदा. पुन्हा पहिल्यापासून.

‘नको’ म्हणाला असता तरी चाललं असतं. नुसता रिमोटकडे बघत राहिला.

रविवार, ९ फेब्रुवारी

नवा अडॅप्टर आणला. चालू-बंदचं बटण उघडून साफ केलं. टीव्हीची वायर बदलली. फरक शून्य. वहिनी म्हणाल्या, जाऊ द्या ना, जुनी वस्तू आहे. माझ्या जिवाला लागलं. इतक्या इमारतींच्या लिफ्ट मी चालू ठेवतो आणि हे खेळणं मला जुमानत नाही!

आमच्या कामात एक ठरलेलं असतं. लिफ्ट अडकली की आधी विचारायचं, आतल्यांनी काय दाबलं? बहुतेक वेळा यंत्राचा दोष नसतोच. आज मी पडद्याकडे न बघता दादाच्या हाताकडे बघत बसलो. तो हात मधूनच उडतो. आणि गेमचा डबा, त्यावरचं रीसेटचं बटण, अगदी त्याच्या शेजारी, त्याच टेबलावर.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

लिहू नये असं वाटतंय.

बाईंना दाखवायचं म्हणून अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. माझंच कौतुक व्हायचं होतं. दादा खुशीत होता. पूल ओलांडला त्याने, पहिल्यांदाच. बाई टाळी वाजवायला पुढे झाल्या आणि — काळा पडदा.

माझा तोल सुटला. “तुझाच हात लागतोय, दादा. दर वेळी. मी इथे जीव काढतोय आणि तू रीसेट दाबून मोकळा होतोस.” आवाज चढलेला. परक्या बाईंसमोर.

दादाने डाव्या हाताने उजवा हात उचलला. मांडीवर ठेवला. वर उशी ओढून घेतली. लहान मूल चोरलेली वस्तू लपवतं तशी.

वहिनी शांतपणे बोलल्या. “ते बटण दाबताना माझाही अंगठा दुखतो, भाऊजी. यांच्या बोटात तेवढा जोर आला असता तर मी घरभर नाचले असते.”

बाई खाली मान घालून पिशवी आवरत होत्या. मी गॅलरीत गेलो आणि फोन आल्याचं नाटक केलं. कुणाशीच बोलत नव्हतो. हो, हो, बघतो, म्हणत होतो.

बुधवार, १२ फेब्रुवारी

दादा टीव्हीच्या खोलीत येत नाही. जेवायलाही आतच.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सकाळी वहिनी त्याला आंघोळ घालत होत्या. मी गेम लावून समोर बसलो. हात छातीशी बांधून, मुद्दाम. कुणी काही दाबत नाही, कुणी शेजारी नाही. तरी गेला.

म्हणजे दादा नव्हता. हे मला मंगळवारी रात्रीच ठाऊक होतं. पण आता डोळ्यांदेखत.

पुन्हा लावला, पुन्हा गेला. वहिनी ओला टॉवेल घेऊन बाहेर आल्या, दारात थांबल्या.

“पाय,” म्हणाल्या.

खाली बघितलं. माझा उजवा पाय टेबलाच्या पायाला टेकून थडथडत होता. जन्माची खोड. थिएटरात पुढच्या रांगेतली माणसं वळून बघतात. पाय थांबवला, गेम चालू. हलवला, गेला. थांबवला, चालू. वहिनी सगळं बघत होत्या.

“तुम्ही कामावर असताना कधीच बंद पडला नाही,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, योगायोग.”

आणि टॉवेल वाळत घालायला गेल्या. मी तिथेच. पाय दोन्ही हातांनी धरून.

शनिवार, १५ फेब्रुवारी

डबा उघडला. अडॅप्टरची पिन खोचतो तिथला सोल्डरचा डाग तडकला होता, केसाएवढा. टेबल हललं की वीज तुटायची. नवा डाग दिला. किती सोपं काम! सुरुवातीलाच आत बघितलं असतं तर? पण मी माणसाकडे बघत बसलो.

दादाच्या खोलीत गेलो. म्हटलं, झाला दुरुस्त, आतला जुना सांधा तडकला होता. सांधा! पायाचं बोललोच नाही. ‘चुकलो’ एवढं म्हणायचं होतं, तेही जिभेवर आलं नाही. अडकलेल्या लिफ्टमधून बाहेर येणाऱ्या परक्यांची मी रोज माफी मागतो. तोंडपाठ आहे.

दादा म्हणाला, “नको.”

सोमवार, १७ फेब्रुवारी

वहिनी त्यांच्या बहिणीकडे जायचं म्हणतात. तळमजला आहे, व्यायामाचं केंद्रही जवळ. रागाचा एक शब्द नाही. मी ‘का’ विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, त्याचीच भीती.

बुधवार, १९ फेब्रुवारी

गेले.

गेम मी त्यांच्या कपड्यांच्या बॅगेत वरच ठेवला होता. वहिनींनी तो काढून चपलांच्या कपाटावर ठेवला. राहू दे इथेच, म्हणाल्या, ते आता हात लावायचे नाहीत. दादाने गाडीतून माझ्याकडे बघितलं का, माहीत नाही. मी डिकीत सामान लावत होतो. लावून झालं होतं, तरी लावत होतो.

रविवार, २३ फेब्रुवारी

दुपारी एकटाच खेळलो. एकदाही बंद पडला नाही. पाय वाट्टेल तसा हलवून बघितला. पुलाच्या पुढे मला जाता येत नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

कामावर असताना फोन वाजला. नाव दादाचं. वाटलं, वहिनींनी त्याच्या फोनवरून लावला असेल. घाबरत उचलला. हॅलो, हॅलो — पलीकडे कुणी बोलेना. फक्त श्वास. मग लांबून, दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वहिनींचा आवाज: “अहो, फोन कुणी दिला तुम्हाला? कुणाला लावलात?”

मी लिफ्टच्या दारातच खाली बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. पायापासून. त्याने फोन ठेवला नाही.