आईच्या फोटोभोवतीचा वळेसर

३ मार्च
नोकरी जाऊन दोन महिने. चारकोपच्या या घरात दिवसभर मी, आई आणि मिरच्यांचा ठसका. आईचा मालवणी मसाला आजवर सोसायटीत फुकट वाटला, आता विकायचा. नाव ठरलं, 'सुरंगी'. लेबल मीच करणार, मोबाइलवर. कुणाला दाखवून विचारायची भीती वाटते, हे खरं कारण.

७ मार्च
आईचा फोटो काढला. हिरवं लुगडं. "माझा थोबाड बघून मसालो कोण घेतलो गो?" फोटोभोवती सुरंगीच्या फुलांचा वळेसर, म्हणजे गजरा काढला. गावी बायका केसांत माळतात तस्साच, पिवळा, भरगच्च. आईने चष्मा पुसून पुसून पाहिलं. "वास येता गो!" स्वारी एकदम खूश.
इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या प्रिंटरकडे हजार स्टिकर छापायला टाकले. कमी छापायला तयार नाही मेला.

१५ मार्च
बोरिवलीच्या प्रदर्शनात पहिला स्टॉल. तासभर कुणी फिरकलं नाही. मग एक बाई थांबल्या, पाकीट हातात घेऊन फोटोकडे बघत राहिल्या.
"आईंना जाऊन किती दिवस झाले?"
मला कळेचना. मग त्यांच्या नजरेने बघितलं. म्हातारीचा फोटो, भोवती पिवळ्या फुलांचा हार. अरे देवा! मुंबईत सुरंगी कोण ओळखतंय?
"त्यांच्या हातची चव टिकवताय, मोठं काम आहे," म्हणाल्या. मुलुंडला दुकान आहे त्यांचं. पन्नास पाकिटं ठेवते म्हणाल्या.
'नाही हो, आई घरी आहे' म्हणायला तोंड उघडलं. बाहेर आलं ते 'थँक्यू'.
घरी आल्यावर आई: "लोकां काय म्हणत होती?"
छान म्हणत होती, म्हटलं.

१६ मार्च
स्टिकर सोलून बघितला. पाकीटच फाटतं.

२२ मार्च
मुलुंडच्या बाईंचा मेसेज. पन्नास संपली, आणखी शंभर पाठवा. आईंची आठवण म्हणून सांगते गिऱ्हाइकांना, लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं.
पाठवली. त्याच स्टिकरची.

२६ मार्च
आई मिरच्यांची देठं काढत बसली होती, उठेचना. छातीत कळ, डावा हात जड. ॲडमिट केलं. परवा अँजिओग्राफी, गरज पडली तर लगेच स्टेंट.
मी बीएस्सी झालेली बाई. फोटोला हार काढल्याने कुणाला काही होत नाही. होत नाही. घरी येऊन आधी उरलेले सगळे स्टिकर पालथे घातले.

२८ मार्च
सकाळी नर्सने आईच्या बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या. माझा धीरच सुटला. सगळं सांगून टाकलं आईला. मुलुंडच्या बाई, 'जाऊन किती दिवस', थँक्यू, शंभर पाकिटं.
आई म्हणाली, "म्हणजे मी मेलंय म्हणान खपता?"
मी रडायला लागले. तिने माझ्या हातातल्या बांगड्या चाचपल्या.
"त्या बाईक फोन लाव. सांग, आवस जिती आसा. आताच सांग, मी आत जावच्या आधी."
मी म्हटलं, नंतर करते गं, आता नको. तेवढ्यात वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला.

तीच तारीख, हॉस्पिटलचा बाक
पाऊण तास झाला. अर्धा म्हणाले होते. दाराशी जाऊन विचारलं, "बसा" म्हणाले.
आत जायच्या आधी सांग म्हणाली होती. परत एकदा तोंड मिटून बसले मी. आता फोन करून 'आई आहे' म्हणायचं, आणि ते दार उघडून कुणी वेगळंच सांगितलं तर...
नाही. दार उघडायच्या आधीच सांगायला हवं. बांगड्या मांडीवर ठेवल्यात. नंबर लावते.