डबा वाटेत किती, वन्संकडे किती

प्रिय मनस्वी बाय,

तुझं काम पास झालं, आता जगभरच्या कॉम्प्युटरांत जाणार, हे ऐकून मी सगळ्या आळीत साखर वाटली. शेजारचा भागोजी विचारतो, नात नेमकं करते काय गो? मी म्हटलं, निरोप जाऊन जबाब परत यायला किती वेळ लागला ते बिनचूक मोजते, कॉम्प्युटरच्या अगदी आतल्या कारभाऱ्याकडून, त्या कर्नेलकडून. एवढंच? म्हणाला. मी साखर परत मागितली.

साखर झाली, आता राग ऐक.

मे महिन्यात तूच मला शिकवलंस. दापोलीला कमलवन्संना मी एस्टीतून सुकटीचा डबा पाठवते, तो परत यायला आठवडा जातो, आणि मी एस्टीच्या नावाने बोटं मोडत होते. तू म्हणालीस, आजी, एस्टी तर तासाभरात पोचते. डबा रिकामा धाडायचा नाही, म्हणून गरे तळून होईपर्यंत वन्संच तो अडवून ठेवतात. वाटेचा वेळ वेगळा, वन्संचा वेगळा. तुझा कर्नेल म्हणे निरोप दाराशी आला की तेव्हाच वेळ टिपतो, ज्याचा निरोप त्याला जाग येईपर्यंत थांबत नाही. मला पटलं. एस्टीची मी मनातल्या मनात माफी मागितली.

मग परवा व्हिडिओवर तुझी अक्कल कुठे गेली होती? तुझा बापूस विचारतो, आई, गोळी घेतलीस का? इथे हर्णैला रेंज अशी की त्याचं तोंड आधी हलतं, आवाज मागाहून येतो. कानावर पडल्याबरोबर मी जबाब दिला. तरी तो सुनेकडे वळून म्हणाला, आईला हल्ली उत्तर सुचायला वेळ लागतो, एकटी ठेवायला नको. अख्ख्या वाटेचा वेळ माझ्या डोक्यावर घातला मेल्याने! आणि तू, मोजणारी, शेजारी बसून नखं बघत होतीस. तुझ्या बापसाला, विनीतला, कळत नाही, त्याला काय बोलू? तुला कळतं.

हे फोनवर बोलले असते तर मधला गप्पपणा पुन्हा माझ्याच नावावर पडला असता, म्हणून लिहिते. रविवारी तो गाडी घेऊन मला कायमची पुण्याला न्यायला येतोय. त्याआधी तू ये. माझ्याजवळ बस. त्याला तिकडून व्हिडिओवर हवं ते विचारू दे. प्रश्न इथे पोचला कधी आणि मी तोंड उघडलं कधी, ते तू बघ. उशीर माझा निघाला तर मुकाट गाडीत बसेन. नाही निघाला, तर बापसाला तू सांगायचं, तोंडावर.

दापोलीला उतरलीस की वन्संकडून डबा घेऊन ये. अजून आलेला नाही.

तुझीच, साखर वाटून रागावलेली,
मथुरा आजी