जीप, तिचे मागचे ब्रेक आणि काढून ठेवलेले ड्रम

मी, जनावरांची डॉक्टर म्हणून डोंगरातल्या वाड्यांवर हयात घालवलेली आणि आता गुडघ्यांमुळे घरी बसलेली बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शेजारच्या डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे. कोणी भरीस घातलेले नाही. याआधी काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक मुलगा व मुलगी यांना निम्मी निम्मी. यावरून भांडू नये. भांडायला पुढे जीप आहे.

२. जीप मुलीला. तीही माझ्याच पेशातली, त्याच चढउतारांवर फिरणारी. अट एकच: मागचे डिस्क ब्रेक काढून पुन्हा ड्रम बसवू नयेत. मुलाला गाडी कारखान्यातून आली तशी करून प्रदर्शनात ठेवायची आहे. त्याचे मन मला कळते, म्हणून कारण लिहिते.

एकदा ओढा ओलांडून उताराला लागले, शेजारी सासूबाई. मागच्या ड्रममध्ये, म्हणजे ब्रेकच्या बंद डब्यात, पाणी आणि चिखल शिरला होता. ब्रेक दाबला, तर गाडी थांबायचे नाव घेईना. शेवटी ती बांधाच्या मातीत घातली. सासूबाईंचा चष्मा फुटला, त्यावर निभावले. "घरी सांगू नकोस," म्हणाल्या, आणि दारातून आत शिरताच स्वतःच सगळे सांगून मोकळ्या झाल्या.

कैलासवासी यजमानांचा जीव गाडीच्या मूळपणात. तिचे जुने माहितीपुस्तक त्यांना तोंडपाठ. डिस्कचे, म्हणजे पाणी न साठणाऱ्या उघड्या चकतीच्या ब्रेकचे, नाव काढले की ताटावरून उठायचे. नाक्यावरचा गॅरेजवाला मला म्हणाला, बाईंनी हळू चालवावी. शेवटी धावून आल्या त्या नणंदबाई, यजमानांची थोरली बहीण. त्या लेथवर काम करायच्या. चकतीला चिमटा घेणारे कॅलिपर धरून ठेवणाऱ्या जाड पट्ट्या त्यांनी स्वतः कापून, भोके पाडून आणल्या. अंगणात आम्ही दोघींनी ड्रम उतरवले, चकत्या चढवल्या. यजमान व्हरांड्यात पाठ करून बसले होते.

पहिल्याच फेरीत मागची चाके तापली, जळका वास सुटला. पाय उचलला तरी ब्रेक सुटत नव्हते. वन्सं हिरमुसून पट्ट्या पुन्हा मोजायला बसल्या. तेव्हा यजमान उठून आले.

"ताई, तुझ्या पट्ट्या बरोबर आहेत. मास्टर सिलिंडरमध्ये ड्रमसाठी एक बारीक झडप असते, ती थोडा दाब धरून ठेवते. ती काढायला हवी."

मग बाह्या सारून त्यांनीच ती काढली. ब्रेक ऑइलच्या लाइनमधली हवा काढायला मी पेडलवर, ते गाडीखाली. "दाब. धर. सोड." इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांचे इतके निमूट कधी ऐकले नव्हते. संध्याकाळी ते एकटेच ओढ्यात गाडी घालून आले आणि त्याच उतारावर ती थांबवली. पुढे मी रानातून उशिरा परतायची, तेव्हा ते फाटकात उभे राहायचे सोडून आत निवांत वाचत बसलेले दिसू लागले.

३. ड्रम त्यांनी घासून, काळा रंग देऊन माळ्यावर ठेवले आहेत. ते मुलाला. रंग बाबांच्या हातचा आहे, खरवडू नये.

४. माझी पान्यांची पेटी नणंदबाईंना. नको म्हणतील, तरी पोचवावी.

५. गॅरेजवाल्यावर माझा राग नाही. गाडी मात्र त्याला दाखवू नये.

६. मुलगा आणि मुलगी हल्ली एकमेकांशी बोलत नाहीत, हे मला ठाऊक आहे. ब्रेक ऑइल दर पावसाळ्याआधी बदलावे लागते, आणि ते एकट्याने नीट होत नाही. जीप मुलीकडे असेपर्यंत पेडलवर भावानेच बसावे. इतर काही बोलायचे नसेल तर बोलू नये.

साक्षीदार: शेजारचे डॉक्टर, आणि समोरच्या शिंपीणबाई. नणंदबाईंना पेटी मिळणार असल्याने त्यांची साक्ष चालणार नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. नणंदबाई रुसून बाहेर जीपमध्ये जाऊन बसल्या आहेत.

ठिकाण: राहते घर, व्हरांडा.
दिनांक: ९ मे.
सही: तुमची आई