तीन नंबरचा पंखा आणि माझी टाळी

तीर्थरूप मामांस,

वाकून नमस्कार. (कंबर अजून वाकते, एवढीच इकडची खुशाली.) तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? तुम्ही मामीला आठवड्याची सरासरी सांगता आणि बुधवारचा एकशे नव्वद त्यात गडप करता, हे तिनेच मला फोनवर सांगितलं. मामा, माझं सध्याचं सगळं आयुष्य याच भांडणात चाललं आहे, निदान घरात तरी ते नको.

आमच्या साहेबांनाही सरासरीच आवडते. तीन नंबरचा मोठा पंखा (ज्याच्याजवळ तुम्ही तीस वर्षं काढलीत) किती थरथरतो, ते मी रोज मोजतो. सरासरी कायम हिरव्या पट्ट्यात. पण बेअरिंगला बारीक खड्डा पडला की ते दर फेऱ्याला क्षणभरच ठोका देतं, आणि तो सरासरीत कुठे हरवतो ते कळतही नाही. म्हणून मी हट्टाने नवं मीटर मागवलं. ते सगळ्यात मोठा धक्का पकडतं आणि बटण दाबून पुसेपर्यंत सोडत नाही (मामीसारखं, हे तिला वाचून दाखवू नका).

पहिल्याच दिवशी आकडा आला नेहमीच्या दसपट. मी आकाशपाताळ एक करून पंखा सहा तास बंद ठेवायला लावला. फिटरने बेअरिंग काढलं, पुसलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. लख्ख, नव्यासारखं. साहेबांनी नुसतं घड्याळाकडे पाहिलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मीटरच्या सेन्सरला पंख्याला चिकटण्यासाठी चुंबक असतं. मी तो जरा लांबूनच सोडला, तो पंख्याच्या अंगावर खाडकन बसला आणि मीटरने तोच दणका जपून ठेवला. थोडक्यात, मी माझीच टाळी मोजली. तेव्हापासून मी कँटीनमध्ये शिरलो की कोणीतरी टाळी वाजवतं. काल चहावाल्यानेसुद्धा वाजवली.

आता खरं रडगाणं. हल्ली मी सेन्सर झोपलेल्या बाळासारखा अलगद ठेवतो, बटण दाबून जुना आकडा पुसतो, मगच वाचतो. आणि पंखा परत बसवल्यापासून आकडा खरोखर चढतो आहे. मंगळवारी चौपट होता, आज सहापट. साहेब म्हणतात, "सरासरी हिरवी आहे ना? मग सोमवारी 'पंखा ठीक आहे' म्हणून सही करा आणि विषय संपवा." त्या पंख्याखाली पॅकिंगचं टेबल आहे. तिथे दिवसभर सहा जणी काम करतात. (त्यातली एक टाळी वाजवत नाही.) माझ्या हातून सही व्हायची नाही. पण माझं ऐकायला आता कोणी तयार नाही आणि त्याला कारण मीच, या विचाराने जीव नुसता जळतो.

लोभ असावा, आणि तो सरासरीने मोजू नये.

तुमचा भाचा

ता. क. सोमवारी दहाच्या आत या. तुमचा तो लांब स्क्रूड्रायव्हर आणा, टोक पंख्याच्या बेअरिंगपाशी टेकवा, मूठ कानाशी धरा आणि जे ऐकू येईल ते साहेबांसमोर मोठ्याने सांगा. तुमच्या कानावर ते आजही विश्वास ठेवतात.

ता. क. २. खड्डा कशाने पडला असावा, ते वर मुद्दाम लिहिलं नाही. फिटरने ते चांगलं बेअरिंग परत बसवताना थेट हातोड्याने ठोकलं. मी समोरच उभा होतो, पण शरमेने तोंड उघडलं नाही. फिटर म्हणजे तुमचेच चिरंजीव. परवा विचारलं तर म्हणाला, "बाबांनी असंच शिकवलंय." तेव्हा स्क्रूड्रायव्हर तेवढा आणा, हातोडा घरीच राहू दे.