पाणी पिणारा टीव्हीचा खेळ

दिंद्रुड, ता. माजलगाव
२२ मे १९८७

तीर्थस्वरूप मोहनराव दाजींच्या चरणी,

धाकटा मेहुणा रामहरी याचा दंडवत. केशरआक्कालाही माझा नमस्कार सांगावा. इकडे सगळे खुशाल आहेत, फक्त विहिरींची तब्येत बरी नाही. पुण्याच्या हवेने तुमचा दमा कमी झाला का, हे मी मागच्या दोन्ही पत्रांत विचारलं होतं. तुम्ही दोन्ही वेळा 'हवा चांगली आहे' एवढंच कळवलंत. दम्याचंही कळवावं.

तुम्ही विचारलंत, टीव्हीच्या खेळाचं काय झालं, तुमच्या कंपनीतले केळकरसाहेब रोज मागे लागतात. ते काम रद्द झालं. एवढ्यावर पत्र संपवता आलं असतं, पण पोस्टाने कागद मोठा दिलाय आणि दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं, तेव्हा पहिल्यापासून लिहितो.

आमच्या शेतकरी उद्योग सहकारी संस्थेचे चेअरमन भगवानराव माघात मुंबईला गेलते. तिथे एका नातेवाइकाच्या घरी त्यांनी परदेशी यंत्र पाहिलं. डबा टीव्हीला जोडायचा, हातातली दांडी हलवायची, की पडद्यावरची मोटार पळते. भगवानरावांनी ती मोटार तीन तास पळवली आणि त्यांची खरी मोटार (म्हणजे बीडची एसटी) निघून गेली. परत आल्या आल्या त्यांनी बैठक बोलावली. म्हणाले, "म्हैस पानी मागती, कोंबडी पानी मागती, ऊस तर ईहीरच मागतो. ह्यो डबा काय मागतो? निस्ती लाईट! लाईट बी आपल्याकडं न्हाई, पर पानी तर मागत न्हाई!" ठराव एकमताने पास झाला. गावात रेडिओ दुरुस्त करणारा मी एकटाच, म्हणून यंत्राची रचना माझ्या गळ्यात पडली. (तोवर मी बांधलेली सगळ्यात अवघड वस्तू म्हणजे गणपतीच्या मागचं फिरतं चक्र, आणि तेही उलटं फिरलं होतं.)

केळकरसाहेबांचा नकाशा तुम्हीच पाठवला होतात. मेंदूच्या जागी चाळीस पायांची चिप, चित्र काढायला दुसरी, आणि खेळ भरलेली तिसरी. या तिसरीच्या पाठीवर काचेची खिडकी असते आणि तिच्यातून ऊन गेलं तर आतला खेळ पुसला जातो, असं साहेबांनी तांबड्या शाईत लिहिलं होतं. (आपल्याकडच्या उन्हात माणूस स्वतःचं नाव विसरतो, चिपचं काय घेऊन बसलात.) मी सौ. गीताची सगळ्यात मोठी टिकली त्या खिडकीवर चिकटवली. पुढे विजेचं दुखणं. इथला दाब सकाळी एकशेचाळीस व्होल्ट, आणि पंप बंद पडले की एकदम दोनशेऐंशी. म्हणून ट्रान्सफॉर्मर मोठा घेतला. तो तापायला लागला, तेव्हा उष्णता शोषायला ॲल्युमिनियमचा जाड पत्रा हवा होता. तो गीताच्या परातीत सापडला. त्यावरून ती माझ्याशी तीन दिवस बोलली नाही. त्या तीन दिवसांत काम फार झपाट्याने झालं.

वरचा डबा कोठ्या बनवणाऱ्या सिदूकडे दिला. त्याने सवयीने ज्वारीच्या कोठीचाच धाकटा भाऊ केला, खाली धान्य काढायचं तोंडसुद्धा ठेवलं. हातातली दांडी नाजूक होती, ती भगवानरावांनी नापास केली. "शेतकऱ्याच्या मुठीत बसाया पायजे बे!" मग फवारणीच्या पंपाची दांडी बसवली. सगळं मिळून वजन भरलं चौदा किलो.

खेळ तर तुम्हाला ठाऊकच आहे. टँकर चालवायचा, हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायांपुढे थांबवायचा, टाकी गळून रिकामी व्हायच्या आत सगळ्यांचे हंडे भरायचे. पहिल्यांदा जोडणी केली आणि पडद्यावर चार पांढरे चौकोन हळूहळू सरकले. तो टँकर आहे हे जगात मला एकट्याला कळत होतं. दाजी, खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (गावात त्या दिवशी तेवढंच आलं.)

पण पाव तासात डबा तापायचा. टँकर आभाळात चालायचा, बायांची अक्षरं व्हायची. शेवटी मी डब्यावर ओलं पोतं टाकलं. (खाली प्लास्टिकचा कागद घातला होता, नाहीतर हे पत्र दुसऱ्या कुणी लिहिलं असतं.) लगेच सगळं सुरळीत! मात्र पोतं सारखं ओलं ठेवावं लागे आणि दिवसाला दोन हंडे लागत. हे भगवानरावांच्या कानावर घालायचं मी रोज ठरवायचो. ठरवण्यात मी कधी कसूर केली नाही.

मग जिल्ह्याहून मंजुरी देणारे साहेब आले. संस्थेच्या गोदामात अख्खं गाव दाटलं. साहेब आधी म्हणाले, पाच मिनिटं बघतो. मग स्टूल पुढे ओढलं, चष्मा वर केला आणि सहाव्या टप्प्याला पोहोचले. मी मागे बसून तांब्याने गुपचूप पोतं भिजवत होतो. तेवढ्यात छबुबाईने पाहिलं. (आमच्या शेजारची छबुमावशी. ऊसतोडीला गेलेली, पण ऊस लवकर सरला म्हणून यंदा कारखान्यावरून दोन महिने आधी परत आली. टँकरच्या रांगेत तिचा शब्द चालतो.)

"रामहरी, कावून वततूस पानी त्या डब्यावर?"

"मावशी, त्येला गरम होतं."

"आन आमाला काय थंडी वाजती? पडद्यावरच्या बायांचे हंडे भराया खऱ्या बायांचं पानी?"

तिने माझा भरलेला हंडा उचलला, कमरेवर घेतला आणि निघून गेली. मी तिला अडवलं नाही, कारण तिचं बरोबर होतं आणि तिचा हातही मोठा आहे. साहेबांना यातलं काही ऐकू गेलं नाही, ते सातव्या टप्प्यात होते. पाचच मिनिटांत टँकर आभाळाकडे निघाला. साहेब ओरडले, "अरे, अरे!" आणि मावशीचं बोलणं ऐकलेले भगवानराव त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडले, "आरं, पानी वता रं त्येच्यावर!"

साहेबांनी हळूच मान वळवली. "पाणी?"

मी खरं ते सांगितलं. यंत्रामागे दिवसाला दोन हंडे. साहेबांनी महिन्याला बनणार असलेल्या यंत्रांशी गुणाकार केला आणि फायलीत लिहिलं, 'उद्योगास पाण्याची मोठी गरज. टंचाईच्या गावात शिफारस करता येत नाही.' जीपमध्ये बसताना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, आठव्या टप्प्यात काय असतं? सांगितलं, पूल असतो. फार हळहळले.

भगवानराव मला चार लोकांत झापतील असं वाटलं होतं. ते खाली मान घालून टीव्हीची वायर गुंडाळत बसले. म्हणाले, "लई झ्याक चालला व्हता बे टँकर." त्यापेक्षा त्यांनी झापलं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी यंत्र मोडून टाकायचा ठराव झाला. मोडल्याचा अहवाल मी सही करून दिला आहे. या नादाला आता कायमचा रामराम. केळकरसाहेबांना माझे आभार कळवावे. पोरांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
रामहरी

ता. क. अहवाल दिला आहे, हे खरं. यंत्र मोडलं, असं मी वर कुठेही लिहिलेलं नाही. ते माझ्या दुकानात पोत्याखाली आहे. दुपारच्या वेळी छबुमावशी आणि गल्लीतल्या सात-आठ जणी येऊन खेळतात. पोतं भिजवायला प्रत्येकी एक तांब्या घरून आणतात. मावशी आठव्या टप्प्याचा पूल ओलांडून गेली.

पुन्हा ता. क. परवापासून मात्र खेळ बंद आहे. चाळीस पायांची चिप मावशीने उपटून पदराच्या गाठीत बांधली. म्हणते, "बायाच कावून हंडे घिऊन हुभ्या? टँकर बाईच्या हाती दे, आन रांगेत गडी हुभे कर, तवा मिळंल." तेव्हा केळकरसाहेबांकडून तसा नवा खेळ दुसऱ्या चिपमध्ये भरून तातडीने पाठवावा. पत्र लिहायचं कारण एवढंच.

आणखी एक. रांगेतला पहिला गडी भगवानराव असावा, असा सगळ्या जणींचा ठराव आहे. चौकोनाचौकोनांत टोपी आणि मिशा बसतील का, तेवढं साहेबांना विचारा. आणि वाचून झाल्यावर हे पत्र फाडून टाका. पत्राच्या कडा मी दोनदा चिकटवल्यात, कारण पोस्टात घालायला ते मी भगवानरावांच्याच हाती देतोय.