आतेचं लुगडं

प्रिय नलूआते,

मोबाईलवरच्या गेममध्ये लोक आपल्या खेळाडूसाठी खरे पैसे देऊन कपडे विकत घेतात. बोईसरच्या ऑफिसात मी त्याच कपड्यांची चित्रं काढते. म्हणूनच तू तारापूरच्या घरी लाल लुगडं नेसून, सगळं सोनं घालून हौसेनं चित्रासाठी माझ्यापुढे उभी राहिलीस.

तुझं चित्र साहेबांना आवडलं. पण लुगडं त्यांनी मांड्यांवर कापायला लावलं आणि चोळी जवळजवळ काढूनच टाकायला सांगितली. मी नाही म्हटलं, तर म्हणाले, "करारावर सही तुझीच आहे ना? चित्र आता कंपनीचं." घर माझ्या एकटीच्या पगारावर चालतं, आते. मी कापलं. तो पोशाख सगळ्यांत जास्त खपला. आता आणखी तीन रंगांत हवाय, आणि मी तेच करत बसलेय.

काल तुझा फोन आला. "बाजारात सगल्यांना सांगितलं, माज्या भाचीनं मला गेममदी घातलंय. कशी दिसतंय गं मी?"

"छान दिसतेस," मी म्हटलं.

तुला आलेला प्रत्येक कागद मीच वाचून दाखवते. हा तेवढा माझ्याच्यानं वाचवणार नाही.

तुझीच,
रिद्धी