बायोडेटात चष्मा नव्हता

५ डिसेंबर
लग्न होऊन कोपरगावजवळच्या या मळ्यात आले. घर ऐसपैस, चहूकडे ऊस, माणसं तोंडभरून बोलणारी. सासूबाई तर शेजारणींना सांगत सुटल्यात, आमच्या निकिताची नजर लई तेज, सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवती. ती नजर लेन्सची आहे, हे इथं कुणालाच ठाऊक नाही. बायोडेटात ‘चष्मा नाही’ असं माझ्या आईनंच लिहिलं. एकदा अक्षता पडल्या की सांगू, म्हणाली. अक्षता पडल्या, पण माझी जीभ रेटत नाही.

१४ डिसेंबर
लेन्स धुऊन ठेवायचं औषध संपलं. चष्म्याचा दुकानदार माझ्या नवऱ्याचा, रविराजचा, दोस्त. पार्सल मागवावं तर सगळं घर मिळून फोडणार. मग लेन्स टाकीच्या पाण्यात ठेवते, पिनांच्या डबीत. रविराज खोलीत असला की घालूनच झोपते. स्वतःच्याच घरात चोरासारखी वागतेय.

२० डिसेंबर
डावा डोळा लाल झालाय, सारखा गळतोय. सासूबाईंनी विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, की वावरात उसाचं पान लागलं. त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, म्याच मेलीनं तुला भाकरी घेऊन धाडली हुती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२२ डिसेंबर
लेन्स काढून, रविराजचा दंड धरून दवाखान्यात गेले. बुबुळावर पांढरा डाग आहे. डॉक्टरांनी विचारलं, लेन्स वापरता का. सासूबाई शेजारीच होत्या. मी नाही म्हणाले. मग पानाची बुरशी असणार, म्हणून त्यांनी बुरशीचं औषध दिलं. घरी येऊन मोबाईलवर वाचलं. लेन्सच्या पाण्यातून जिवाणू शिरतात, त्यांचं औषधच निराळं. तरी गप्प बसले. लाज वाटते, आणि लाजेपायीच गप्प आहे.

२५ डिसेंबर
डावीकडून दिसत नाही. बुबुळामागे खाली पू साचलाय, आरशात दिसतो. रविराजनं बांधाकडचा ऊस रागानं तोडून टाकला. बिचाऱ्या उसाचा काय गुन्हा — सासूबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत — माझ्यामुळं —

२६ डिसेंबर
नगरचं मोठं हॉस्पिटल. जंतू डोळ्याच्या आत गेलेत. ते आले कुठून हे कळलं तर नेमकं औषध देता येईल, म्हणाले डॉक्टर. पुन्हा तेच विचारलं — मी पुन्हा नाही —

२८
डावा गेला. सासूबाई रडत म्हणाल्या, एक तर हाय ना पोरी. त्या एकात लेन्स आहे — तपासणीपुरती काढते, परत घालते — सकाळपासून त्याच्यापुढंही धुकं — ओळीवर ओळ चढतेय — सासूबाई विचारतायत, काय व्हतंय का. काही नाही म्हणून सां